डबल बेल

आबा कंडक्टर होते. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, पण आबांच्या अंगातून कंडक्टर काही उतरला नाही. घरी पाहुणे आले की 'या, बसा' म्हणायच्या ऐवजी ते 'आत सरका, आत बरीच जागा आहे' म्हणायचे आणि पाहुणे खरंच आत सरकायचे. दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या लोकांना त्यांनी कितीदा तरी उठवून नीट ओळीने बसवलं होतं. कडेवर मूल असलेली बाई पुढे, काठीवाला दाराजवळ. लोकही मुकाट ऐकायचे. आवाजच तसा होता.

त्यांच्या बसमध्ये छताखालून एक दोरी जायची, ती थेट ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या घंटीपर्यंत. एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला. सिंगल बेल आणि डबल बेल. बाकीचं जग आबांना तेव्हाही फारसं कळत नव्हतं आणि त्याची त्यांना कधी खंतही वाटली नाही.

त्यांची थोरली लेक, जिला घरात आणि दुकानात सगळे ताई म्हणतात, ती लहानपणी शाळेतून याच बसने घरी यायची. आबा स्वतःच्या लेकीलाही "बाई, तिकीट" म्हणूनच तिकीट द्यायचे. चेहऱ्यावरची रेष हलायची नाही. घरासमोरच्या थांब्यावर ते एक बेल द्यायचे, हात धरून "उतरा बाई, सावकाश" म्हणायचे आणि मग दारातल्या दांड्याला धरून उभे राहायचे. ताईने रस्ता ओलांडायचा, फाटकापाशी पोचायचं, मागे वळून हात वर करायचा. तेव्हा कुठे डबल बेल. ड्रायव्हर रोज वैतागायचा. "गाडी काय तुझ्या लेकीच्या नावावर केली आहे का?" आबा ढिम्म. एकदा ताईला खोडी काढायची लहर आली. ती फाटकाशी गेली आणि मुद्दाम हात वर करेना. बस उभी. मागे चार गाड्या भोंगे वाजवायला लागल्या, प्रवासी खिडक्यांतून माना काढून बोलायला लागले, ड्रायव्हर खाली उतरला. आबांचा हात दोरीवर तसाच. शेवटी ताईच घाबरली आणि तिने झटकन हात वर केला. टिंग टिंग. संध्याकाळी घरी आल्यावर आबा त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून तिला पक्कं ठाऊक झालं की ती हात वर करेपर्यंत हा माणूस काही हलायचा नाही.

ती ताई आता पन्नाशीला टेकली आहे. कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या माडीवर ती मशीनवर बसते. लोकांनी खाली घेतलेले कपडे वर तिच्याकडे येतात. कुणाच्या पँटीची उंची कमी करायची, कुणाच्या पोटाला दोन बोटं सैल सोडायची. माणूस सुटला की कपडा उसवायचा, माणूस वाळला की कपडा आत घ्यायचा, यातच तिची उमर गेली. गेली आठ वर्षं आबा तिच्याकडे आहेत आणि या आठ वर्षांत ते आतून एकेक टाका उसवत गेले. आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरायचे, मग जेवलो का ते, मग बायको गेली आहे ते. पुढेपुढे सकाळी दार उघडं दिसलं की जाऊन रस्त्यावर उभे राहायचे आणि येणाऱ्या गाड्यांना हात दाखवून पुढे पाठवायचे. दोनदा लोकांनी घरी आणून सोडलं. तिसऱ्यांदा एका मोटारीचा आरसा त्यांच्या कोपराला लागला.

आणि एका सकाळी ताई त्यांच्या सदऱ्याचं बटण लावत होती तेव्हा त्यांनी अगदी अदबीने विचारलं, "बाई, तुम्ही कुठे राहता?"

ताईने सांगितलं, "इथेच." उरलेली बटणं लावली, चहा दिला, दुकानात गेली. दुपारी मशीनवर तिच्या लक्षात आलं की आपल्याला काहीच झालं नाही. रडू आलं नाही, रागही आला नाही. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल असतो ना, हात लावला की आहे हे कळतं पण आपला वाटत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं. तिने मनाशी नोंद घेतली आणि पँटीची दुसरी बाजू दुमडायला घेतली.

धाकटा भाऊ परदेशात. त्याचा फोन आला तेव्हाही ती अशीच होती.

"ताई, आता तू पुरे कर. इथे आमच्या घराजवळ म्हाताऱ्या माणसांसाठी फार चांगली जागा आहे. नर्स असतात, बाग आहे. मी सगळं बोलून ठेवलंय. आबांची सोय लावली आहे."

सोय करणं वेगळं आणि सोय लावणं वेगळं. सोय पाहुण्याची करतात. लावतात ती जुन्या कपाटाची, नाहीतर नकोशा मांजराची. भाऊ मनाने वाईट नव्हता, घाईत त्याच्या तोंडून आपलं ते निघून गेलं. आठ वर्षांपूर्वीची ताई असती तर त्याला फोनवरच सोलून काढला असता. आताची ताई म्हणाली, "बरं."

मग ती तयारीला लागली. लांबचा प्रवास, दोन विमानं, बरोबर आबा, नवरा आणि दहा वर्षांची लेक चिऊ. नवऱ्याने आयुष्यात एकदाच विमान आतून पाहिलं होतं, पण त्याने मोबाइलवर 'कुटुंबासह लांबचा विमानप्रवास सुखाचा कसा करावा' असे इतके व्हिडिओ पाहिले की आठवड्याभरात तो घरातला वैमानिकच झाला.

"पाणी घोटघोट प्यायचं. दर तासाला पाय हलवायचे. मानेला उशी लागतेच लागते," तो सांगायचा.

"अहो, आबांची बॅग वरून काढा आधी."

"काढतो. कानात दडे बसले तर जांभई द्यायची."

ताईने तिला येत होतं ते केलं. आबांच्या पायजम्यांची नाडी काढून रुंद, सैल इलॅस्टिक घातलं, विमानातल्या त्या कपाटाएवढ्या संडासात नाडीची गाठ कोण सोडत बसणार. सदऱ्याला आतून खिसा लावला. प्रत्येक कपड्याच्या कॉलरमागे नाव आणि भावाचा नंबर शिवला. पाय सुजतात म्हणून चपलांचे पट्टे कापून सैल-घट्ट करता येणारे व्हेल्क्रोचे केले. मार्गिकेच्या कडेची, संडासाजवळची जागा मागून घेतली, चाकांची खुर्ची सांगून ठेवली. डॉक्टरने झोपेची गोळी लिहून दिली होती आणि भाऊ फोनवर म्हणालाही होता, "देऊन टाक, झोपून येतील, सगळ्यांचीच सोय." पण मागे ती गोळी घेऊन आबा न्हाणीघरात पडले होते. ताईने गोळी पर्समध्ये ठेवली आणि तिथेच राहू दिली.

तिकडच्या जागेत राहायला जायचं म्हणून तिने आबांचे सगळेच कपडे भरले. परत यायच्या बॅगेत त्यांचं काहीच नव्हतं. हे तिला दिसलं, तिने चेन लावली.

पहिलं विमान बरं गेलं. दुसऱ्या, लांबच्या विमानात बसल्या बसल्या नवऱ्याने मोठ्या प्रेमाने आणलेली मानेची उशी आबांच्या गळ्यात घातली. आबांनी ती काढली, उलटसुलट पाहिली आणि शेजारून जाणाऱ्या, विमानाच्या गणवेशातल्या मुलीच्या हातात दिली. "गाडीत कुणाचं तरी राहिलंय. डेपोत जमा कर." मुलीने हसून परत आणून दिली. आबांनी पुन्हा जमा केली. तिसऱ्यांदा नवऱ्याने ती स्वतःच्याच गळ्यात घातली आणि घोरायला लागला. पाणी घोटघोट प्यायचं ते राहूनच गेलं.

विमान उडालं, स्थिर झालं आणि डोक्यावर टिंग झालं. पट्ट्याचा दिवा विझला.

आबांनी मान वर केली. पट्टा त्यांनी केव्हा सोडला कुणाला कळलं नाही. ते उठून उभे राहिले आणि त्या खड्या, गर्दीत शेवटपर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाले, "चला, उतरणारे पुढे या! सामान बघून घ्या!"

माना वळल्या. पुढच्या रांगेतला एक गृहस्थ तर झोपेतून दचकून खरंच अर्धा उठला. आबा सीटांच्या पाठींना धरत दाराच्या दिशेने निघाले. ताई मागून. मुलगी धावत आली आणि दारासमोर उभी राहिली.

"आजोबा, प्लीज, जागेवर बसा."

"दार अडवू नकोस बाई. आधी उतरणाऱ्यांना उतरू दे."

"आबा, चला, बसू या," ताई म्हणाली.

"बसू काय? थांबा दिलाय!"

तेवढ्यात कुणीतरी पाणी मागायला बटण दाबलं असेल, पुन्हा एकच टिंग झालं. आबा खवळले. "थांबा दिला तरी गाडी उभी करत नाही! ड्रायव्हर नवा आहे का?" त्यांचा हात दाराकडे गेला. मुलीचा चेहरा पांढरा पडला, मागून तिचा वरिष्ठ येताना दिसला, चिऊ जागेवरून "आई!" म्हणून ओरडली. ताईला हे सगळं दिसत होतं, काचेपलीकडे चाललंय असं दिसत होतं. भीती वाटायला हवी होती. तिला फक्त एवढं वाटलं की आता यांना धरतील, बांधतील, आणि मग आपल्याला ते बघावं लागेल.

तिच्या एका हातात चिऊची पाण्याची स्टीलची बाटली होती. बाजूच्या कप्प्यावर कुणीतरी चमचा ठेवला होता. काय करतोय हे कळायच्या आत तिने चमचा उचलून बाटलीवर मारला.

टिंग टिंग.

आबा थांबले. कपाळावरच्या आठ्या विरल्या. त्यांनी वर पाहिलं, नसलेला दांडा धरला आणि समाधानाने म्हणाले, "हां. चला." मग स्वतःच वळले, एका बाईचा मार्गिकेत आलेला पाय नम्रपणे आत घ्यायला लावला आणि जागेवर जाऊन बसले.

पुढचा सगळा प्रवास तसाच झाला. विमानात किती वेळा टिंग होतं हे ज्याच्या शेजारी कंडक्टर बसलेला नाही त्याला कळायचं नाही. ढगात गाडी हादरली की टिंग, हादरणं थांबलं की टिंग, कुणाला चहा हवा झाला की टिंग. दर वेळी आबांचे गुडघे सरळ व्हायला लागत आणि दर वेळी ताईचा चमचा बाटलीवर पडे. टिंग टिंग. "हां. चला." आजूबाजूचे आधी त्रासले, मग सरावले. मागच्या सीटवरच्या म्हातारबुवांनी विचारलं, "पुढचा थांबा कुठला हो?" आबांनी क्षणाचाही विलंब न लावता त्यांच्या जुन्या रस्त्यावरच्या बाजाराचं नाव सांगितलं. चिऊने मध्ये थोडा वेळ चमचा घेतला, पण ती हसायची आणि ठोका चुकायचा. टिंग तीनदा वाजलं की आबांना चालत नसे. ताईने चमचा परत घेतला. तिच्या बोटांना तो ठोका शाळेपासून माहीत होता.

नवरा जागा होऊन म्हणाला, "तू जरा झोप की. पाय हलवलेस का?"

"हलवते."

ती झोपली नाही आणि तिने पायही हलवले नाहीत. आबांच्या चपलांचे पट्टे मात्र दोनदा सैल केले. काम बरोबर झालं होतं, पावलं सुजली तरी पट्टा रुतला नव्हता. एरवी अशा वेळी तिला बरं वाटायचं.

विमान उतरलं, धावलं, थांबलं. टिंग झालं आणि सगळेच्या सगळे उठले. पहिल्यांदाच आबांचं आणि साऱ्या गाडीचं एकमत झालं. "उतरा, सावकाश उतरा," आबा खुशीत म्हणाले.

ताईचा चमचा हवेत होता.

"अगं," नवरा हळूच म्हणाला, "पोचलो आपण. आता कशाला?"

ती चमच्याकडे बघत राहिली. तिला तो वाजवायचा होता. गाडी पुढे जावी, याही थांब्याच्या पुढे, कुठेही. गालात कुठेतरी टोचल्यासारखं झालं आणि गेलं. तिने चमचा समोरच्या खिशात ठेवला.

भाऊ घ्यायला आला होता. आबांच्या पाया पडला, त्याचे डोळे भरून आले. आबांनी त्याला बाजूला सरकून मागच्यांना वाट द्यायला सांगितलं. भावजयीने सगळ्यांचं मनापासून केलं. दोन दिवस गेले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ, ताई आणि आबा त्या जागेकडे निघाले.

जागा खरंच चांगली होती. खोटं कशाला बोला. रस्त्यालगत काचेचं मोठं दार, बाहेर एकच पायरी, आत लाकडी टेबल आणि टेबलावर तळहाताने दाबायची पितळी घंटी. पलीकडे खुर्च्यांची रांग आणि त्यावर बसलेले म्हातारे-म्हाताऱ्या. भावाने सह्या केल्या. तिथल्या नर्सबाईंनी आबांची खोली दाखवली, ताईने कपडे कपाटात लावले, कॉलरमागची नावं बाहेर दिसतील असे. मग सगळे पुन्हा बाहेरच्या दालनात आले. आबा खुर्च्यांची रांग बघत होते. एका खुर्चीवर पिशवी होती.

"पिशवी मांडीवर घ्या, माणसाला बसू द्या," ते म्हणाले. पिशवीवाल्या आजीला भाषा कळली नसेल, पण आवाज कळला, तिने पिशवी घेतली.

"रमतील इथे," भाऊ म्हणाला. "ताई, निघू या. जितकं थांबशील तितकं जड जाईल. मी गाडीशी आहे." गाडी रस्त्याच्या पलीकडे लावली होती. तो डोळे पुसत गेला.

ताई उभी राहिली. जड जात नव्हतं, तीच तर पंचाईत होती. जड गेलं असतं तर ती रडली असती आणि रडून निघाली असती, माणसं निघतात तशी. किंवा आबांचा हात धरून त्यांना सरळ परत घेऊन गेली असती. तिला यातलं काहीच करता येईना. काहीतरी बोलायला हवं होतं. ती आबांच्या सदऱ्याची कॉलर नीट करत राहिली, नीट असलेली कॉलर.

तेवढ्यात धुतलेल्या चादरींची गाडी ढकलत एक माणूस आत आला आणि त्याने टेबलावरची घंटी दाबली. एकदाच.

आबा ताठ झाले. त्यांनी चहूकडे पाहिलं, खुर्च्यांवरचं कुणी उठतंय का ते बघितलं. कुणी उठलं नाही. मग त्यांची नजर समोर उभ्या असलेल्या एकुलत्या एका बाईवर आली.

"बाई, तुमचा थांबा आला," ते म्हणाले.

ताईचा हात अजून कॉलरवरच होता.

त्यांनी तिचा हात धरला, दारापर्यंत नेलं, काच ढकलून धरली. "उतरा बाई, सावकाश." ती पायरी उतरली. हात सुटला. काचेचं दार हलकेच मिटलं.

ती पदपथावर उभी होती. पलीकडून भावाने हाक मारली. तिने वळून काचेतून पाहिलं. आबा टेबलापाशी परत गेले होते. एक हात टेबलाच्या कडेला, दुसरा घंटीच्या वर, अधांतरी. नजर तिच्यावर. नर्सबाई त्यांना खांद्याला धरून खुर्चीकडे नेऊ पाहत होत्या. आबा ढिम्म.

आपण कोण हे त्यांना कळलंय का, हे ताईला कळायला मार्ग नव्हता. पण ते कशाची वाट बघताहेत हे तिच्याइतकं जगात कुणालाच माहीत नव्हतं. ती इथे उभी राहिली तर तेही तिथे उभे राहतील, संध्याकाळपर्यंत, पाय सुजेपर्यंत. मागे कितीही भोंगे वाजोत.

तिने रस्ता ओलांडला. एक मोटार जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली, मग पलीकडे पोचली. भावाने गाडीचं दार उघडून धरलं होतं. ती दाराशी गेली, मागे वळली. हात उचलायला गेली तर उचलवेना. आबा तसेच. घंटीवर हात तसाच.

ताईने हात वर केला.

काचेमागे आबांचा तळवा दोनदा खाली गेला. आवाज इथवर आला नाही. मग ते वळले, खुर्च्यांकडे हात करून काहीतरी म्हणाले, बहुधा आत सरका म्हणाले असतील, आणि रांगेतून पुढे चालायला लागले.

"बस, ताई," भाऊ म्हणाला.

ती बसली नाही. लहानपणी डबल बेल झाली की बस वळणाआड दिसेनाशी होईपर्यंत ती फाटकात उभी राहायची आणि मग घरात पळायची. आताही ती सवयीने उभी राहिली. ही बस मात्र जागची हलेना. सुईचा अंमल उतरावा तसं गालात, जबड्यात, घशात दुखायला लागलं, आधी थोडं आणि मग सगळीकडून एकदम. गाडीच्या दाराला धरून ती भर रस्त्यात रडायला लागली, आणि भाऊ "ताई, ताई" करत तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.